सेनकाकूच्या खडकांपासून शिरोलीच्या भट्टीपर्यंत

केंद्रीय खाण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांना शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर येथून खुले पत्र

विषय : पूर्व आशियातले बेटांचे वाद, जपानचे संरक्षण करार आणि ओतकामाला लागणारे मॅग्नेशियम व रेअर अर्थ धातू

सेनकाकू म्हणजे पूर्व चीन समुद्रातली पाच छोटी बेटे आणि तीन खडक. सगळ्यांचे क्षेत्रफळ मिळून सात चौरस किलोमीटर भरत नाही. जपानचे इशिगाकी बेट तिथून सुमारे १७० किलोमीटरवर, तैवानही जवळपास तितकेच लांब, आणि चीनचा किनारा ३३० किलोमीटरवर. चीन या बेटांना दियाओयू म्हणतो. तिथे आज माणूस राहत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोगा तात्सुशिरो या व्यापाऱ्याचा मासे सुकवण्याचा कारखाना तिथे होता आणि दोनशेहून अधिक माणसे बेटावर नांदत होती. १९४० च्या सुमारास तेही संपले. १९७८ मध्ये एका जपानी गटाने उओत्सुरी या सर्वांत मोठ्या बेटावर बकऱ्यांची एक जोडी सोडली. तिची प्रजा वाढत गेली आणि बेटावरचे रान तिने खरवडून काढले. वादामुळे संशोधकांनाही तिथे सहजासहजी उतरता येत नाही.

या बेटांजवळ ७ सप्टेंबर २०१० रोजी चीनचा एक मच्छीमार ट्रॉलर जपानी तटरक्षक दलाच्या दोन नौकांना धडकला. त्या धडकेचे परिणाम पंचगंगेकाठच्या शिरोली एमआयडीसीपर्यंत पोहोचले, कारण इथल्या फाउंड्र्यांत ओतल्या जाणाऱ्या एसजी आयर्न या चिवट लोखंडाला लागणारा एक घटक त्याच वादात अडकला. तो कसा अडकला, जपानने त्यावर काय केले आणि खाण मंत्रालयाकडून काय होणे बाकी आहे, एवढाच या पत्राचा विषय आहे.

वादाचे मूळ १८९५ सालात आहे. बेटे निर्मनुष्य आहेत, कोणाच्या ताब्यात नाहीत, अशी खात्री करून घेऊन १४ जानेवारी १८९५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने ती आपल्या हद्दीत घेतली, असे जपान सांगतो. चीनचे म्हणणे असे की, त्या वेळी दोन्ही देशांत युद्ध चालू होते आणि तीनच महिन्यांनी, १७ एप्रिलच्या शिमोनोसेकी तहात, चीनला तैवान व त्याला जोडलेली बेटे जपानला द्यावी लागली. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर तैवानबरोबर हीसुद्धा परत यायला हवी होती. प्रत्यक्षात १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहाने ओकिनावाचा सगळा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि सेनकाकूही त्याबरोबर गेली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने समुद्रतळाची पाहणी झाली आणि खाली तेल असू शकते असा अहवाल आला. १९७१ मध्ये चीन आणि तैवान या दोघांनीही बेटांवर हक्क सांगितला. १५ मे १९७२ रोजी अमेरिकेने ओकिनावा जपानला परत दिले, तेव्हा सेनकाकूचा कारभारही जपानकडे आला. बेटे नेमकी कोणाची, या प्रश्नावर मात्र अमेरिकेने तेव्हा मत दिले नाही आणि आजही देत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तहात पूर्व आशियातले पुढचे जवळजवळ सगळे वाद पेरलेले आहेत. चीनच्या दोन्ही सरकारांपैकी एकालाही बोलावणे नव्हते. कोरियाला सही करता आली नाही. सोव्हिएत संघाने परिषदेला येऊन सही नाकारली. जपानने काही प्रदेश सोडले असे तहात लिहिले, पण ते कोणाला दिले हे लिहिले नाही. भारताने परिषदेला न जाण्याचा निर्णय घेतला. र्‍युक्यू बेटे जपानला परत मिळावीत आणि परकी फौज जपानमध्ये ठेवण्याची तरतूद तहातच नसावी, असे आक्षेप नेहरूंच्या सरकारने ऑगस्ट १९५१ मध्ये लेखी कळवले होते. त्यानंतर ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धभरपाईचा हक्क सोडून दिला. दिल्लीच्या परराष्ट्र धोरणात जे थोडे निर्णय सत्तर वर्षांनंतरही योग्य ठरलेले दिसतात, त्यात हा एक आहे.

जपानचे बेटांबद्दलचे उरलेले दोन वाद याच रांगेतले. उत्तरेला होक्काइडोच्या टोकाजवळ एतोरोफू, कुनाशिरी, शिकोतान आणि हाबोमाइ ही बेटे आहेत. १८५५ च्या शिमोदा तहाने ती जपानकडे होती. ऑगस्ट-सप्टेंबर १९४५ मध्ये, जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर, सोव्हिएत फौजा तिथे उतरल्या. सुमारे १७,००० जपानी रहिवाशांना पुढे बेटे सोडावी लागली. होक्काइडोच्या नोसाप्पू भूशिरावरून सर्वांत जवळचा रशियाच्या ताब्यातला खडक ३.७ किलोमीटरवर आहे. कोल्हापूरच्या एसटी स्टँडपासून शिरोली त्याहून लांब पडते. १९ ऑक्टोबर १९५६ च्या संयुक्त घोषणेत, शांतता तह झाल्यावर शिकोतान आणि हाबोमाइ परत देण्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले. तो तह आजतागायत झालेला नाही. युक्रेन युद्धानंतर जपानने निर्बंध लावले आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने बोलणीच थांबवली.

पश्चिमेला ताकेशिमा आहे, कोरियन नाव डोकडो. दोन सुळके आणि भोवतीचे खडक मिळून ०.१९ चौरस किलोमीटर. जपानने २२ फेब्रुवारी १९०५ रोजी ते शिमाने प्रांताला जोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोरिया जपानचे संरक्षित राज्य झाला आणि १९१० मध्ये पूर्ण गिळला गेला. त्यामुळे कोरियन माणसाला हा खडक गुलामगिरीचा पहिला हप्ता वाटतो. मासेमारीचा प्रश्न त्यापुढे फार लहान पडतो. जानेवारी १९५२ मध्ये अध्यक्ष सिंगमन री यांनी समुद्रात रेषा आखली आणि खडक आपल्या बाजूला घेतला. आज तिथे दक्षिण कोरियाचे पोलीस आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. शिरोलीहून महामार्गाने दक्षिणेला निघालेला ट्रक तासाभराच्या आत कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीच्या हद्दीत शिरतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव, निपाणी, कारवारचा प्रश्न लोंबकळत आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कर्नाटकचे म्हणणे असे की, अहवाल अंतिम आहे, आता वादच उरलेला नाही. पूर्व आशियातही हेच घडते. सेनकाकूबद्दल सुटण्याजोगा वादच अस्तित्वात नाही, असे जपान म्हणतो. डोकडोबद्दल दक्षिण कोरिया अगदी तेच म्हणतो. आणि सेनकाकूत वाद न दिसणाऱ्या याच जपानने १९५४ मध्ये ताकेशिमाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा प्रस्ताव दिला होता, जो कोरियाने फेटाळला. ज्याच्या ताब्यात जमीन, त्याला वाद दिसत नाही. फरक एवढाच की, महाराष्ट्र आणि कर्नाटक एका राज्यघटनेखाली नांदतात, त्यांच्यावर एक न्यायालय आहे आणि सीमेपलीकडचे सोयरसंबंध तुटलेले नाहीत. पूर्व चीन समुद्रात असे कोणतेही छत्र नाही. म्हणून तिथे प्रत्येकाने आपापले करार शोधले.

जपानचा मुख्य करार अमेरिकेशी. पहिला ८ सप्टेंबर १९५१ रोजी, शांतता तहाच्याच दिवशी झाला. सध्या लागू असलेला करार १९ जानेवारी १९६० चा. तो मंजूर करताना तोक्योच्या रस्त्यांवर एवढी मोठी आंदोलने झाली की पंतप्रधान नोबुसुके किशी यांना पायउतार व्हावे लागले. कराराचे पाचवे कलम सांगते की, ‘जपानच्या प्रशासनाखालील’ प्रदेशावर सशस्त्र हल्ला झाला तर दोन्ही देश मिळून धोक्याला तोंड देतील. सहावे कलम अमेरिकेला जपानमध्ये लष्करी तळ ठेवू देते. आज सुमारे ५४,००० अमेरिकी सैनिक जपानमध्ये आहेत, आणि देशाच्या भूभागाचा जेमतेम ०.६ टक्का असलेल्या ओकिनावावर अमेरिकेसाठी राखलेल्या लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के जागेचा भार आहे. जपानच्या सुरक्षेचे बोलताना ओकिनावाच्या माणसाने दिलेली ही किंमत विसरता येत नाही.

‘प्रशासनाखालील’ हा शब्द नीट वाचावा लागतो. त्यात मालकीचा उल्लेख नाही, ताब्याचा आहे. त्यामुळे तीन वादांपैकी एकालाच, सेनकाकूला, हे कवच मिळते. उत्तरेची बेटे रशियाच्या ताब्यात, ताकेशिमा कोरियाच्या ताब्यात. तिथे पाचवे कलम लागू होत नाही. कोरियाबाबत तर आणखी पेच आहे, कारण अमेरिकेचा संरक्षण करार दोघांशीही आहे. सेनकाकू या कलमात येते, हे एप्रिल २०१४ मध्ये बराक ओबामा यांनी अध्यक्ष म्हणून प्रथमच उघड सांगितले आणि नंतरच्या अमेरिकी सरकारांनी तेच पुन्हा सांगितले. पण कवच फक्त सशस्त्र हल्ल्यापुरते आहे. मासेमारी नौकांचे तांडे, तटरक्षक जहाजांच्या रोजच्या फेऱ्या, बंदरावर अडकलेला माल यांबद्दल त्यात एक ओळही नाही.

हे २०१० मध्ये पुरते उघडे पडले. ट्रॉलरच्या कप्तानाला जपानने अटक करून स्वतःच्या कायद्याने खटला भरण्याची तयारी केली. चीनने मंत्रिपातळीवरचे संपर्क तोडले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जपानला जाणारा रेअर अर्थ धातूंचा माल चिनी बंदरांत थांबला. चीनने ही बंदी अधिकृतपणे कधीच मान्य केली नाही, पण जपानी कारखान्यांना माल मिळेना. २३ सप्टेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांना पाचव्या कलमाची ग्वाही दिली. २४ तारखेला कप्तानाला सोडण्याचा निर्णय जाहीर झाला. एकही गोळी झाडली गेली नव्हती. त्या वेळी जगातले ९० टक्क्यांहून अधिक रेअर अर्थ उत्पादन एकट्या चीनमध्ये होत होते आणि त्याच वर्षी जुलैत चीनने निर्यातीचा कोटा मोठ्या प्रमाणात कापला होता. पुढच्या वर्षभरात भाव कित्येक पटींनी चढले. निओडिमियम या रेअर अर्थ धातूचे शक्तिशाली चुंबक ज्या देशात मसातो सागावा यांनी शोधले, त्या देशालाच ते बनवायला धातू मिळण्याची भ्रांत पडली.

रेअर अर्थ म्हणजे सतरा धातूंचे कुटुंब. त्यातले सिरियम आणि लँथेनम हे दोन भाऊ शिरोलीत रोज लागतात, जरी ज्या मिश्रधातूतून ते येतात त्याच्या पोत्यावर त्यांचे नाव क्वचितच ठळक असते. साधे कास्ट आयर्न ठिसूळ असते, कारण त्यातला ग्राफाइट पापुद्र्यांसारखा पसरतो आणि तडा त्या पापुद्र्यांतून धावतो. तोच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात जमला तर लोखंड वाकते, ताण सोसते, तुटत नाही. हे एसजी आयर्न. ट्रॅक्टरचे हाउसिंग, ट्रकचा हब, व्हॉल्व्हची बॉडी, पंपाचे भाग त्यातून ओतले जातात. ग्राफाइटचे गोळे करण्याचे काम मॅग्नेशियम करते, आणि मॅग्नेशियमचे काम बिघडू नये म्हणून सिरियम-लँथेनम लागतात. भंगारातून शिसे, अँटिमनी, टायटॅनियम असे धातू अंशमात्र येतात आणि ग्राफाइटचा गोल आकार मोडतात. रेअर अर्थ त्यांचा उपद्रव काढून टाकतो.

ही प्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. वितळलेले लोखंड ज्यात घेतात त्या लॅडलच्या तळाला एका बाजूला खिसा केलेला असतो. त्यात मोजून नॉड्युलरायझर, म्हणजे फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे, टाकतात आणि वर स्टीलच्या कात्रणाचा थर दाबतात. मग इंडक्शन फर्नेसमधले १४५० अंशांच्या वर तापलेले लोखंड दुसऱ्या बाजूने सोडतात. मॅग्नेशियम १०९० अंशांनाच उकळते, त्यामुळे कात्रण वितळून धातू खाली पोहोचला की लॅडल खदखदतो, डोळे दिपवणारा पांढरा लोळ उठतो आणि पांढरा धूर शेडच्या छपराला लागतो. तिथून घड्याळ सुरू होते. साधारण दहा मिनिटांत सगळे साचे भरले गेले पाहिजेत, नाहीतर मॅग्नेशियम उडून जाते. याला फेडिंग म्हणतात. उशिरा ओतलेला माल दिसायला सारखाच असतो, पण हातोडीने ठोकला की घंटेसारखा खणखणत नाही, बद्द वाजतो. तो पुन्हा भट्टीत जातो आणि त्याबरोबर वीज, वाळू, मजुरी सगळे वाया जाते. एक टन धातूला बारा ते अठरा किलो नॉड्युलरायझर लागतो आणि त्यात रेअर अर्थ असतो जेमतेम शे-दोनशे ग्रॅम. एवढ्याशा चिमटीवर टनभर लोखंडाचा गुण ठरतो. २०१०-११ च्या भाववाढीत जगभर नॉड्युलरायझर महागला, आणि कमी रेअर अर्थचे मिश्रण वापरून पाहण्याची धडपड फाउंड्र्यांना करावी लागली.

जपानने या धक्क्यातून जे केले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. सरकारने त्याच वर्षी पुरवणी अर्थसंकल्पात सुमारे १०० अब्ज येन बाजूला काढले. २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी आणि जॉगमेक ही सरकारी संस्था यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. माउंट वेल्डची खाण आणि मलेशियातल्या क्वांतानचा शुद्धीकरण कारखाना त्यामुळे उभा राहू शकला. कारखान्यांना रेअर अर्थ कमी वापरण्यासाठी आणि जुन्या मालातून परत काढण्यासाठी मदत मिळाली. २०१६ मध्ये होंडा आणि दाइदो स्टील यांनी जड रेअर अर्थ न वापरणारे चुंबक हायब्रिड मोटारीत बसवले. अमेरिका आणि युरोपीय संघाबरोबर जपान २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरोधात लागला आणि २०१५ मध्ये कोटा उठला. शिवाय दुर्मीळ धातूंचा साठा करून ठेवण्याची पद्धत जपानमध्ये १९८३ पासूनच होती. साठ दिवसांची गरज भागेल एवढा साठा हे तिचे उद्दिष्ट होते. दशकभरात चीनवरचे अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आले. पूर्ण सुटका झाली नाही, पण गळ्याभोवतीचा फास सैल झाला.

जपानची बाजू मांडताना एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या वेठबिगार मजुरांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टरसाठी लागणाऱ्या तीन रसायनांची कोरियाला होणारी निर्यात आवळली. दोन्ही बाबींचा संबंध नाही असे सांगितले गेले, पण कोरियात ते कोणालाच पटले नाही. नऊ वर्षांपूर्वी जे सोसले तेच शेजाऱ्यावर उगारले गेले, आणि कोरियाने उत्तर म्हणून ती रसायने घरात बनवायला घेतली. मार्च २०२३ मध्ये हे निर्बंध उठले, त्याच वर्षी १८ ऑगस्टला कॅम्प डेव्हिडला अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांचे नेते एकत्र बसले. डोकडोचा प्रश्न तसाच आहे.

भारत या चित्रात नवखा नाही. चीनचा दरवाजा बंद झाल्यावर युद्धोत्तर जपानच्या पोलाद कारखान्यांनी लोहखनिज कुठून आणले, याच्या उत्तरात गोवा येतो. १९५० च्या दशकात गोव्याच्या खाणींतला माल मार्मागोव्याच्या बंदरातून जपानला जाऊ लागला, आणि खाणींच्या यांत्रिकीकरणाला जपानी पैसा व यंत्रे आली. पुढे शिंझो आबे यांनी ऑगस्ट २००७ मध्ये भारतीय संसदेत दोन महासागरांच्या संगमाची कल्पना मांडली, भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा क्वाड गट आकाराला आला, मलबार नौदल सरावात २०१५ पासून जपान कायमचा सहभागी झाला, २०२० मध्ये दोन्ही लष्करांनी एकमेकांना रसद देण्याचा करार झाला. यांतला एकही पाचव्या कलमासारखा बांधील करार नाही, आणि भारताने तसा करार करण्याची गरजही नाही. १ जुलै २०२५ रोजी क्वाडने महत्त्वाच्या खनिजांसाठी वेगळा उपक्रम जाहीर केला. शिरोलीच्या दृष्टीने सरावांपेक्षा तो अधिक कामाचा आहे.

कारण तोवर दुसरा धक्का बसला होता. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात मध्यम व जड रेअर अर्थ धातू आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट लादली. भांडण अमेरिकेच्या आयातशुल्काचे होते. ठेच भारतीय वाहन उद्योगालाही लागली. पुण्याच्या बजाज ऑटोला जुलैत चेतक स्कूटरचे उत्पादन कापावे लागले. सिरियम आणि लँथेनम त्या सातांत नव्हते, हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. नॉड्युलरायझर त्या वेळी थेट अडकला नाही. पण वाहनाची लाइन मूठभर वजनाच्या चुंबकासाठी थांबली, तर त्याच वाहनाच्या ब्रेक ड्रमची आणि हाउसिंगची ऑर्डरही थांबते, आणि ती इथे थांबते. शिरोलीला हे पुराने शिकवले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ज्या कारखान्यांत पाण्याचा थेंब शिरला नव्हता त्यांचेही काम अडले.

पूर्व चीन समुद्र तर शांत झालेला नाहीच. जपान सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये सेनकाकूतली तीन बेटे खासगी मालकाकडून २.०५ अब्ज येनला विकत घेतल्यापासून चिनी तटरक्षक जहाजे तिथे सतत फिरत असतात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान साने ताकाइची यांनी, तैवानवर हल्ला झाला तर ती जपानच्या अस्तित्वालाच धोक्याची परिस्थिती ठरू शकते, असे संसदेत सांगितले. जपानचे योनागुनी बेट तैवानपासून ११० किलोमीटरवर आहे. उत्तरादाखल चीनने आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला.

भारताच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार त्याचा साठा १.३१५ कोटी टन आणि त्यातले रेअर अर्थ ऑक्साइड सुमारे ७२ लाख टन. १९५० मध्ये स्थापन झालेली आयआरईएल ही सरकारी कंपनी केरळात चवरा, तमिळनाडूत मणवालकुरिची आणि ओडिशात छत्रपूर इथे ही वाळू काढते. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने हा सगळा व्यवहार अणुऊर्जा कायद्याखाली येतो, आणि ते योग्यच आहे. २०१० नंतर जपानने भारताकडेही माल मागितला. टोयोटा त्सुशोच्या विशाखापट्टणमच्या उपक्रमातून तो जपानला गेला. जून २०२५ मध्ये ही निर्यात थांबवून माल देशात ठेवण्याच्या हालचालींच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्याची ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हे सगळे स्वागतार्ह आहे, आणि तरीही यांतले काहीही फाउंड्रीच्या दारापर्यंत येत नाही.

पहिली उणीव मॅग्नेशियमची. जून २०२३ मध्ये खाण मंत्रालयाने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. त्यात रेअर अर्थ आहे, लिथियम आहे, तांबे आहे, मॅग्नेशियम नाही. जगातले चार-पंचमांशाहून अधिक मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होते आणि भारत आपली गरज मुख्यतः तिथूनच भागवतो. २०२१ च्या सप्टेंबरात शान्शी प्रांतातल्या युलिनमध्ये वीजवापर कमी करण्याच्या आदेशामुळे भट्ट्या बंद झाल्या, तर काही आठवड्यांत जगभर भाव भडकले. तिथे दोन देशांचे भांडण नव्हते, नुसता वीजबचतीचा आदेश होता. ज्या डोलोमाइटपासून हा धातू काढतात तो भारतात विपुल आहे. कमी आहे ती तो परवडेल अशा दराने गाळण्याची सोय. यादीत नाव नसले की राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेतल्या सवलती, संशोधन निधी आणि साठ्याची योजना यांपैकी काहीच लागू होत नाही. ही दुरुस्ती खाण मंत्रालय एका आदेशाने करू शकते.

दुसरी उणीव साठ्याची. छोट्या फाउंड्रीला महिनोन्‌महिन्यांचा नॉड्युलरायझर घेऊन ठेवणे परवडत नाही. पैसा अडकतो, गिऱ्हाइकाकडून बिल वेळेवर येत नाही, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवा लागली की खडे भुसभुशीत होतात. जपानचे साठ दिवसांचे गणित एकेका कारखान्याने करायचे नव्हते, ते मुख्यतः सरकारने केले. इथे ते औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर होऊ शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींना मिळून कोरड्या हवेचे एक गोदाम पुरेसे आहे. स्मॅक आणि गोशिमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना ते चालवू शकतील. धातूच्या खरेदीला केंद्राची हमी हवी.

तिसरी बाब सर्वांत सोपी असून सर्वांत दुर्लक्षित आहे. मोनाझाइटमधल्या रेअर अर्थपैकी जवळपास निम्मा सिरियम असतो आणि त्याखालोखाल लँथेनम. चुंबकाला लागणारे निओडिमियम त्यांच्यापेक्षा कमी. चुंबक योजना जसजशी वाढेल तसतसा निओडिमियम काढून उरलेल्या सिरियम-लँथेनमचा ढीग साचत जाईल. जगभरच्या रेअर अर्थ कारखान्यांची हीच अडचण आहे. त्यांना गिऱ्हाईक नसते, आणि शिरोली नेमके त्यांचेच गिऱ्हाईक आहे. या दोघांचे मिश्रण धातुरूपात किंवा सिलिसाइडच्या रूपात देशातल्या नॉड्युलरायझर उत्पादकांना ठरलेल्या दराने, दीर्घ मुदतीच्या कराराने मिळाले, तर चुंबक योजनेचा खर्चही हलका होईल.

अडचण कारभाराची आहे. आयआरईएल अणुऊर्जा विभागाकडे, खनिज मोहीम खाण मंत्रालयाकडे, चुंबक योजना अवजड उद्योग मंत्रालयाकडे आणि फाउंड्र्या लघुउद्योग मंत्रालयाकडे. चार दारे, आणि सिरियमचा प्रश्न एकाही दारावर पूर्ण मावत नाही. मोहिमेचे नेतृत्व खाण मंत्रालयाकडे असल्याने उरलेल्या तिघांना एका टेबलावर बोलावण्याचा अधिकार आणि जबाबदारी याच मंत्रालयाची आहे. त्या टेबलावर ओतकाम व्यवसायाचा एक प्रतिनिधी असावा, मॅग्नेशियमचा यादीत समावेश हा पहिला विषय असावा आणि सिरियम-लँथेनमच्या देशांतर्गत विक्रीचा दर हा दुसरा, अशी ही विनंती आहे.

कळावे,

ओतकाम व्यावसायिक, शिरोली एमआयडीसी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर